साक्ष द्यायची घाई करू नका

दुरावलेलं पोर मंडळीत परत आलं, की आपल्याकडे पहिला आग्रह होतो तो साक्ष देण्याचा. तरुण संघ म्हणतो, पाळकसाहेब म्हणतात, कधी घरचेसुद्धा म्हणतात. त्यामागे प्रेमच असतं. तरीही परतणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला मी कळकळीने सांगते, काही वर्षं तरी व्यासपीठावर चढू नका.

मी नगरची. पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती घर, आजी शब्बाथ शाळा घ्यायची. मी नववीत असताना पप्पा गेले. भेटायला येणारा जो तो ‘देवाची इच्छा’ म्हणायचा आणि मी त्या देवाशी बोलणंच टाकलं. पुढची वर्षं फार वाईट गेली. शाळा बुडवणं, रात्र रात्र जागणं, आईशी अबोला. हातावरचे वण झाकायला भर उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचे कपडे. अकरावीत डॉक्टरांनी नैराश्याचं निदान केलं आणि गोळ्या सुरू झाल्या. पुण्याला कॉलेजात गेल्यावर एका रविवारी मैत्रिणीबरोबर उपासनेला गेले, मागच्या बाकावर बसले. कुणी काही विचारलं नाही, म्हणून पुढच्या रविवारीही गेले.

त्याच वर्षी एका शिबिरात मला साक्ष द्यायला उभं केलं. मी बोलले, लोक रडले, हालेलूयाचा गजर झाला. मग दुसरीकडून बोलावणं आलं, तिसरीकडून आलं. दर खेपेला गोष्टीतला अंधार थोडा जास्त गडद व्हायचा आणि उजेड जास्त लख्ख. खरं तर मी बरी होत होते, बरी झाले नव्हते. पण ‘होत होते’ला टाळ्या पडत नाहीत. एका प्रार्थनासभेत कुणीतरी विचारलं, प्रभूने बरं केलंय तर अजून गोळ्या कशाला? माझ्याकडे उत्तर नव्हतं. गोळ्या बंद झाल्या आणि थोड्याच दिवसांत झोप उडाली, जेवण तुटलं, मरणाचे विचार परत आले. सांगणार कुणाला? शंभर माणसांसमोर ‘मी मुक्त झाले’ म्हणणाऱ्या मुलीने कोणत्या तोंडाने मदत मागायची? माझ्याच साक्षीने माझं तोंड बांधलं होतं. सुट्टीत घरी गेले तेव्हा आजीने माझं ताट पाहिलं, भाकरी जशीच्या तशी. तिने काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मला घेऊन ती डॉक्टरांच्या दवाखान्यात बसली होती.

मार्कच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय मी लहानपणापासून ऐकत आले, पण त्याचा शेवट मला त्या दिवसांत दिसला. याईराची मुलगी बारा वर्षांची. ती उठून चालू लागते, सगळे थक्क होतात, आणि येशू दोनच गोष्टी सांगतो: हे कुणाला कळू देऊ नका, आणि हिला खायला द्या. त्याच अध्यायात गरसेकरांच्या प्रदेशातला भूतग्रस्त बरा होतो. त्याला मात्र येशू सांगायला पाठवतो. पण कुठे, तर त्याच्या घरी, त्याच्या माणसांकडे, ज्यांनी त्याचे सगळे हाल पाहिले होते. त्यांच्यापुढे तिखटमीठ लावून सांगता येत नाही. 

ज्यांच्या साक्षी आजवर टिकल्या त्यांनीही घाई केलेली नाही. ऑगस्टिनचा बाप्तिस्मा 387 साली झाला आणि ‘कन्फेशन्स’ लिहायला त्याने घेतलं ते सुमारे दहा वर्षांनी. आपल्या लक्ष्मीबाई टिळक घ्या. त्यांच्या नवऱ्याचा, म्हणजे टिळकांचा, बाप्तिस्मा 1895चा, लक्ष्मीबाईंचा 1900चा. मधली वर्षं त्यांनी स्वतःची घेतली, नवरा पुढे गेला म्हणून त्या मागोमाग धावल्या नाहीत. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्राचा पहिला भाग तर 1934 साली निघाला. त्यात घरातली भांडणं आहेत, राग आहे, सोवळं सुटतानाची घालमेल आहे. काहीच पुसून टाकलेलं नाही, म्हणून तर ते पुस्तक वाचताना विश्वास बसतो.

औषधाबद्दल माझं मत ठाम आहे. गोळी सुरू करायची की थांबवायची हे फक्त डॉक्टर ठरवतील. पाळक नाही, प्रार्थनागट नाही, तुम्हीही नाही. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं तर त्याच घडीला घरातल्या माणसाला उठवा, किंवा टेलिमानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. हे करताना विश्वास कमी पडला असं मुळीच समजू नका.

प्रार्थना जमत नसेल तर स्तोत्रसंहितेतलं 88वं स्तोत्र काढा. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात, हे वळत नाही, अंधारातच संपतं. तरी ते पवित्र शास्त्रात आहे आणि देवालाच उद्देशून आहे. मी ते कितीतरी रात्री मोठ्याने वाचलं. पप्पांबद्दल देवाला जे विचारायचं होतं ते त्याच्या आधाराने विचारलं. उत्तर मिळालं असं म्हणणार नाही, पण अबोला सुटला.

आणि हाताला काम मागून घ्या. प्रभुभोजनानंतर आमच्याकडे छोटे काचेचे पेले ट्रेमधून मागच्या खोलीत येतात. तळाशी द्राक्षरसाचा चिकट थेंब राहिलेला असतो, बोट आत जात नाही, म्हणून कापडाची सुरळी करून फिरवावी लागते. दोन-तीन मावश्या असतात, कुणाच्या गुडघ्याचं, कुणाच्या सुनेचं बोलणं चाललेलं असतं. तिथे मला कुणी ‘परत आलेली मुलगी’ म्हणून पाहत नाही. पेला नीट पुसला नाही तर सरळ परत देतात.

मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना एक विनंती. परत आलेल्या मुलाला पहिल्या महिन्यात माइक देऊ नका. जेवायला घरी बोलवा, तो एखादा रविवार आला नाही तर फोन करा, पण कारण खोदून विचारू नका. आणि मुलांनो, कुणी आग्रह धरलाच तर ‘अजून नाही’ एवढं म्हणायला तुम्ही मोकळे आहात. यंदाच्या शिबिराला मी तेच कळवलं. पाळकसाहेबांनी बरं म्हटलं आणि स्वयंपाकाच्या यादीत माझं नाव घातलं.