आनंद टिकावा म्हणून आत्याचे कानमंत्र

पोरी, लग्न झालं, नोकरी लागली, पुण्यात घरही मिळालं, आणि तरी आनंद टिकत नाही म्हणतेस. विचारलंस म्हणून सांगते. ख्रिस्ताने आपल्यावर आधीच प्रेम केलंय, ते आता कमवायचं राहिलेलं नाही. आपला आनंद या एका गोष्टीवर उभा आहे, आणि नेमकी हीच गोष्ट रोजच्या धावपळीत विसरते. विसरू नये म्हणून या बारीकसारीक सवयी. सगळ्या एकदम लावून घेऊ नकोस. तुझा उत्साह सोमवारी उठतो आणि गुरुवारी झोपतो, मला ठाऊक आहे.

१. सकाळी मोबाइल हातात घेण्याआधी दोन मिनिटं प्रार्थना कर – जगाच्या बातम्या आधी ऐकल्या की देवाशी बोलायला फक्त काळज्याच उरतात.

२. मागण्याआधी तीन गोष्टींचे आभार मान, आणि नाव घेऊन मान – ‘सगळ्याबद्दल धन्यवाद’ म्हटलं की डोळ्यांसमोर काहीच येत नाही. वेळेवर आलेली बस, सासूबाईंनी झाकून ठेवलेली पोळी, उतरलेला ताप, असं म्हण.

३. पवित्र शास्त्र थोडं वाच, पण रोज. सुरुवात फिलिप्पैकरांस पत्रापासून कर – चारच अध्याय आहेत, आणि आनंदाबद्दल इतकं बोलणारं हे पत्र पौलाने बंदिवासात लिहिलंय. जगणं आणि मरणं, दोन्हींचा हिशेब त्यात शांतपणे मांडलाय. परिस्थिती सुधारली की मग आनंदी होऊ, ही पळवाट त्याने आपल्याला ठेवलीच नाही.

४. मन भरून आलेलं असताना उसना हसरा चेहरा घेऊन चर्चला जाऊ नकोस – दीडशे स्तोत्रांत रडणारी, देवाला जाब विचारणारी कितीतरी आहेत. ८८वं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची ओळही नाही, आणि तेही शास्त्रातच ठेवलंय. दाबलेलं रडू प्रार्थनेचा गळा धरतं, बाळा.

५. अगदीच खचलीस तर आधी जेव आणि झोप – एलीया झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. आठवडेच्या आठवडे मन वर येत नसेल तर डॉक्टरांकडे जा. औषध घेणं म्हणजे विश्वास कमी, असं कुणी म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठव.

६. भांडण रात्री उशाशी घेऊ नकोस – भांडणाला रात्र दिली की ते घर मागतं.

७. क्षमा केलीस तर ती पुन्हा बोलून दाखवू नकोस – मोजून दिलेली क्षमा व्याजासकट वसूल होते. मात्र एक नीट ऐक. मारहाण, छळ सोसत राहणं म्हणजे क्षमा नव्हे. देव न करो, पण तशी वेळ आलीच तर पिशवी उचल आणि माझ्या दारात ये, रात्र असो की दिवस.

८. जावईबापू रविवारी चर्चला यायला कुरकुरतात, तर रोज टोचू नकोस – श्रद्धा ज्याच्या त्याच्या पावलाने येते. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं होतं. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुन्हा एकत्र आल्यावर बाई आपल्या वेगाने, आपल्या डोळ्यांनी पाहत ख्रिस्तापर्यंत आल्या, १९०० साली. लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ दोघं मिळून वाचा, हसाल खूप.

९. उपासना संपल्यावर लगेच गाडी काढू नकोस – मंडळीतली अर्धी दुःखं बाहेर, चपला घालताना बोलली जातात. एकट्या बसलेल्या म्हातारीशेजारी जाऊन बस.

१०. गीतं पाठ कर – दवाखान्याच्या बाकावर पुस्तक जवळ नसतं. आपल्या नगरच्या घरातलं ‘उपासना संगीत’ एकदा नीट उघडून बघ. पाठीला कापडाची पट्टी लावलेली आहे, आणि कोणतं गीत कुणाच्या लग्नात म्हटलं, कुणाच्या अंत्यविधीला म्हटलं, ते तुझ्या आजोबांनी पेन्सिलीने कडेला लिहून ठेवलंय. एकाच गीताशेजारी दोन्ही सापडतील. ती पानं म्हणजे आपल्या घराचा इतिहास आहे. पुढच्या नोंदी तू कर.

११. दानाचं पाकीट शनिवारी रात्रीच भरून ठेव – रविवारी पर्समध्ये हात घातला की बोटं लहान नोटच शोधतात.

१२. पैसे पाठवा, आशीर्वाद घ्या, असं सांगणाऱ्यांपासून चार हात लांब राहा – कृपेला किंमत लावली की ती कृपा राहत नाही.

१३. कर्ज काढून नाताळ करू नकोस – जानेवारीचा हप्ता डिसेंबरच्या गाण्यांची चव घालवतो. करंज्या मात्र भरपूर कर, आणि पहिलं ताट शेजारी पाठव. दिवाळीत त्यांनीही तुला विसरलेलं नसतं.

१४. आणि आनंद हरवलाच, काही केल्या सापडेना, तर कुणाच्या तरी कामाला लाग – स्वतःच्या दुःखाभोवती फिरत राहिलं की पाय दुखतात, वाट सरत नाही. पंडिता रमाबाईंचं बघ. आई, वडील, बहीण दुष्काळाच्या दिवसांत गेली. मग भाऊ गेला. लग्नाला दोन वर्षं होण्याआधी नवरा गेला, कडेवर तान्ही मनोरमा. त्या बाईने केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, दुष्काळातून आणलेल्या मुलींना, विधवांना पोटाशी धरलं, हाताला काम दिलं. हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, बायकांना वाचता यावं म्हणून. १९२१ साली मनोरमाही गेली, तरी भाषांतराचं काम सुटलं नाही. पुढच्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. त्यांना दुःख कमी मिळालं होतं असं कुणी म्हणू शकेल का? माझ्या मते महाराष्ट्राने बघितलेली ही सर्वांत खंबीर श्रद्धा. केडगाव तुझ्यापासून लांब नाही, पुणे–दौंड लाइनवरच आहे. एखाद्या शनिवारी दोघं जाऊन या.

१५. महिन्यातून एकदा घरी दोन-तीन कुटुंबांना प्रार्थनेला बोलाव, चहा-पोह्यांवर भागव – पक्वान्नांचा घाट घातलास की दुसऱ्या महिन्यात बोलावणं बंद पडतं.

आता यातला एकच कानमंत्र उचल, आवडेल तो, आणि महिनाभर नेटाने कर. सहाव्या कलमापासून सुरुवात केलीस तर मला जास्त बरं वाटेल. ईस्टरला दोघं घरी या, तेव्हा कसं चाललंय ते सांग.