जबलपूर खटला : हक्क गेला की दाद?

१९७६ सालचा जबलपूर खटला आपण ४ विरुद्ध १ एवढ्यावरच लक्षात ठेवतो. खरा प्रश्न बारकाव्याचा आहे. २७ जून १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने राज्यघटनेच्या १४, २१ व २२ या कलमांखाली न्यायालयाकडे जाण्याची वाट बंद केली. मग स्थानबद्धाची अटक मुळातच बेकायदा असेल, तर? नऊ उच्च न्यायालये म्हणाली, अर्ज ऐकता येईल. सर्वोच्च न्यायालयाचे बहुमत म्हणाले, नाही. जीविताचा हक्क २१ व्या कलमातच आहे, तेच निलंबित तर दाद कसली!

न्या. हंसराज खन्ना यांना हे पटले नाही. कायद्याच्या आधारावाचून कोणाचा प्राण वा स्वातंत्र्य हिरावता येत नाही, हे तत्त्व घटनेच्याही आधीचे; मग २१ वे कलम त्याचे एकमेव उगमस्थान कसे? (मूळ निकालपत्र लांबलचक आहे, निदान खन्नांचा भाग तरी वाचावा.) जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलली गेली व त्यांनी राजीनामा दिला.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने २० व २१ या कलमांना आणीबाणीतही संरक्षण मिळाले. निकाल मात्र २०१७ पर्यंत पुसला गेला नव्हता. पुट्टस्वामी खटल्यात तो चुकीचा ठरविणारे निकालपत्र लिहिले न्या. धनंजय चंद्रचूड यांनी. १९७६ च्या बहुमतात त्यांचे वडील न्या. यशवंत चंद्रचूड होते.