खामची घाण आणि घरातली घागर



पावसाळा स्थिरावतो न स्थिरावतो तोच जुलाब, विषमज्वर आणि कावीळ यांचे रुग्ण माझ्या दवाखान्यात येऊ लागतात, आणि त्यांतील अनेकांचा प्रश्न एकच असतो : “खाम नदीचे पाणी आम्ही कधी तोंडातही घेतले नाही, मग तिची घाण आम्हांला बाधली कशी?”

उत्तर जमिनीखाली आहे. खामच्या तीरी निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० साली जी खडकी (आजचे छत्रपती संभाजीनगर) वसविली आणि पुढे भूमिगत नहरीने जिची तहान भागविली, ते गाव आज अफाट वाढले असून त्याचे सांडपाणी नाल्यांवाटे खाम व सुखना या नद्यांत उतरते. त्याच नाल्यांलगत पिण्याच्या पाण्याच्या वाहिन्याही आहेत. नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येत असल्यामुळे मधल्या काळात त्या रित्या होतात, त्यांतील दाब नाहीसा होतो, आणि जेथे सांधा जीर्ण झाला असेल तेथून भोवतालचे मैलापाणी आत शोषले जाते.

म्हणून खंडानंतर येणारे पहिले गढूळ पाणी पिण्यासाठी भरू नये. पिण्याचे पाणी खळखळ उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळावे, झाकून ठेवावे व ओगराळ्यानेच घ्यावे. साठवणीची भांडी आठवड्यातून एकदा घासून कोरडी करावीत, अन्यथा डेंग्यूच्या डासांची पैदास होते. नाल्यांत मिसळणारी कारखान्यांची रसायने मात्र उकळून जात नाहीत. सबब नाल्याकाठच्या विहिरीचे वा बोअरचे पाणी तपासणीवाचून पिऊ नये.

जुलाब सुरू होताच एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून घोटघोट पाजावे. बालकांना डॉक्टरांच्या सल्ल्याने जस्ताच्या गोळ्याही द्याव्यात. मूल सुस्त झाले, लघवी कमी झाली किंवा शौचात रक्त दिसले, तर क्षणाचीही हयगय करू नये. गर्भवतीचे डोळे पिवळे दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. दूषित पाण्यातून होणारी ‘ई’ प्रकारची कावीळ गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यांत प्राणघातक ठरू शकते.

खामच्या पुनरुज्जीवनाचे कार्य महानगरपालिका, छावणी परिषद आणि नागरिक यांनी चालविले आहे. त्याला हातभार लावावाच. पण एकाच गल्लीत दोन घरी कावीळ दिसली, तर पाण्याच्या नमुन्यासह महानगरपालिकेच्या आरोग्य विभागाकडे त्याच दिवशी लेखी अर्ज द्यावा. कारण माझ्या औषधाने एक रुग्ण बरा होईल, परंतु गळका सांधा वेळीच दुरुस्त झाला तर सारी गल्ली आजारातून वाचेल.