हिमालयाचे वय कुणाला विचारायचे?

भारतीय भूखंड सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला आणि हिमालय उभा राहू लागला, हे आपण शाळेत शिकलो. पण त्यानंतर पर्वताच्या पोटात खडक वितळले कधी? याची साक्ष देतात मिठाच्या कणाहूनही लहान असे खनिजकण.

मुख्य साक्षीदार झिरकॉन. हा स्फटिक तयार होताना युरेनियमला आत घेतो, शिशाला मात्र जवळजवळ थारा देत नाही. पुढे युरेनियमचे ठरलेल्या गतीने शिसे होत राहते. युरेनियम-238 निम्मे व्हायला सुमारे 447 कोटी वर्षे लागतात. म्हणून कणातल्या युरेनियमचे आणि शिशाचे प्रमाण मोजले की त्याचे वय निघते.

आता नेपाळमधल्या मनास्लू शिखराकडे जाऊ. तिथे फिकट रंगाचा ग्रॅनाइट आहे. खोलवर गेलेल्या जुन्या गाळाच्या खडकांतले अभ्रक उष्णतेने मोडले, खडक थोडाफार वितळला आणि तो शिलारस थिजून हा ग्रॅनाइट झाला. पण झिरकॉन भारी चिवट! शिलारसातही जुना कण पुष्कळदा पूर्ण विरघळत नाही, उलट त्याच्यावर नवा थर चढतो. त्यामुळे अशा ग्रॅनाइटमध्ये गाभ्याचे वय 50 कोटी वर्षांच्याही मागे जाऊ शकते, आणि बाहेरच्या थराचे अवघे दोन-अडीच कोटी. मनास्लूच्या ग्रॅनाइटचे वय मोनाझाइट या दुसऱ्या खनिजावरून सुमारे 2.3 ते 1.9 कोटी वर्षे निघाले. म्हणजे टक्कर आधी, हे वितळणे बऱ्याच नंतर.

घोटाळा होतो तो इथेच. अख्खा कण विरघळवून मोजला, तर गाभा आणि थर एकत्र होतात आणि मधलेच काहीतरी वय हाती येते. त्या काळात प्रत्यक्षात काहीच घडलेले नसते! म्हणून कण घासून त्याचा छेद घेतात, आतले थर पाहतात, आणि लेसरच्या किंवा आयनांच्या बारीक झोताने एकेक थर वेगळा मोजतात.

मी साहित्याची विद्यार्थिनी, त्यामुळे मला हे ओळखीचे वाटले. जुन्या पोथीत मूळ मजकूर एका काळचा, समासातली टीप दुसऱ्या काळची. दोन्हींची सरासरी काढून आपण पोथीचा काळ ठरवत नाही.

जाता जाता एक प्रश्न. वाळूच्या एका थरात 2 कोटी वर्षांचा, वाहत आलेला झिरकॉन सापडला, तर थराचे वय किती? उत्तर एवढेच: तो थर त्या कणाहून जुना नाही. कण आपल्या जन्माचे सांगतो, मुक्कामाचे नाही.