इंजिनीअरचा रेझ्युमे मशीनला वाचता येईल असा कसा बनवायचा? झेरॉक्स-डीटीपी दुकानासाठी एक चांगला जोडधंदा



बिबवेवाडी परिसरात तुमचं झेरॉक्स, डीटीपी किंवा ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान असेल, किंवा घरच्या एका कॉम्प्युटरवर काही सुरू करायचं डोक्यात असेल, तर आजचा धडा तुमच्यासाठी आहे. व्हिडिओत स्क्रीनवर करून दाखवलेलं काम इथे ओळीने लिहिलंय, म्हणजे प्रत्यक्ष करताना शेजारी उघडं ठेवता येईल.

रेझ्युमे टाइप करून देणारे गल्लोगल्ली आहेत. वीस-तीस रुपयांत पान मिळतं. मग तुमच्याकडे कुणी तीनशे रुपये का द्यावेत? कारण टाइप केलेला रेझ्युमे आणि कंपनीच्या सॉफ्टवेअरला वाचता येणारा रेझ्युमे यात फरक असतो. तो फरक तुम्हाला कळला पाहिजे आणि गिऱ्हाइकाला दाखवता आला पाहिजे.

आधी बघू, गिऱ्हाईक कोण?

अप्पर इंदिरानगरला विश्वकर्मा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे, शेजारी धनकवडीत पीआयसीटी आणि भारती विद्यापीठाचं इंजिनीअरिंग कॉलेज. मुलं भरपूर. पण शेवटच्या वर्षाच्या मुलाला त्याचा प्लेसमेंट सेल सहसा नमुना देतो, सीनियरची फाइल हाताशी असते. तो तुमच्याकडे प्रिंट काढायला येईल, रेझ्युमे करायला क्वचितच.

तुमचं खरं गिऱ्हाईक तीन प्रकारचं आहे. पहिलं, पास झाला पण कॅम्पसमधून नोकरी लागली नाही असा मुलगा. दुसरं, डिप्लोमा करून चाकण, भोसरी, रांजणगावला तीन-चार वर्षं काम केलेला, पण रेझ्युमे अजून कॉलेजातलाच असलेला. तिसरं, लग्न किंवा बाळंतपणानंतर पुन्हा नोकरीला निघालेली इंजिनीअर ताई. या तिघांना सांगणारं कुणी नसतं. तिथे तुमची जागा आहे.

सॉफ्टवेअर नेमकं करतं काय?

याला एटीएस म्हणतात. अर्ज गोळा करणारी, लावून ठेवणारी यंत्रणा. मोठ्या कंपन्यांत वर्कडे, ओरॅकलचं टॅलिओ, एसएपीचं सक्सेसफॅक्टर्स अशी नावं दिसतात. नोकरी डॉट कॉमवर भरती करणारे लोक थेट साठवलेल्या प्रोफाइलमध्ये शोध घेतात.

काम साधारण तीन टप्प्यांत चालतं. आधी फाइलमधला मजकूर बाहेर काढला जातो. मग त्यातून नाव, फोन, शिक्षण, कंपनी, तारखा वेगळ्या करून खणांत भरल्या जातात. शेवटी एचआरमधला माणूस शोध टाकतो: अमुक शहर, इतका अनुभव, अमुक कौशल्य. ज्याच्या खणात ते शब्द आहेत तो वर दिसतो.

म्हणजे बहुतेक वेळा मशीन कुणाला "नापास" करत नाही. मजकूर चुकीच्या खणात गेला किंवा बाहेरच आला नाही, तर माणूस शोधात सापडत नाही, इतकंच. थेट बाद होण्याची शक्यता असते ती अर्जातल्या हो-नाही प्रश्नांवर, जसं "तुमच्याकडे अमुक पदवी आहे का?" म्हणून "शंभरातले इतके रेझ्युमे मशीन फेकून देतं" असे आकडे सांगून गिऱ्हाइकाला घाबरवू नका. घाबरवून एकदा पैसे मिळतात, दुसऱ्यांदा गिऱ्हाईक येत नाही.

डीटीपीवाल्याला हे लवकर कळतं

श्रीलिपीत टाइप केलेला मराठी मजकूर व्हॉट्सॲपवर चिकटवला की काय होतं? अगम्य चिन्हं. डोळ्याला मराठी दिसतं, पण आत मराठी अक्षरांचे युनिकोड क्रमांक नसतात. किंवा कोरलड्रॉमध्ये व्हिजिटिंग कार्ड केलं, छापायला देताना मजकूर कर्व्हमध्ये बदलला. आता ती अक्षरं राहिली नाहीत, चित्र झालं. फोन नंबर बदलायचा म्हटलं तर पुन्हा टाइप करावा लागतो.

रेझ्युमेचं अगदी असंच आहे. कागदावर काय दिसतं याला मशीन विचारत नाही, फाइलच्या आत कोणती अक्षरं आहेत आणि कोणत्या क्रमाने आहेत हे बघतं. एवढं एक वाक्य पक्कं झालं की खालचे सगळे नियम पाठ करायची गरज नाही, ते आपोआप सुचतात.

मांडणीचे नियम

१. रेझ्युमे वर्डमध्ये करा. कोरलड्रॉ किंवा फोटोशॉपमध्ये नको. प्रिंट काढून स्कॅन केलेली पीडीएफ तर अजिबात नको. वर्डमधून थेट पीडीएफ सेव्ह करा आणि वर्डची मूळ फाइलही गिऱ्हाइकाला द्या. कंपनी जी मागेल ती पाठवता येते.

२. एकच कॉलम. डावीकडे रंगीत पट्टी, उजवीकडे अनुभव, असे नमुने दिसायला छान. पण काही सॉफ्टवेअर सरळ आडवी ओळ वाचतात, मग डावीकडचं "ऑटोकॅड" उजवीकडच्या "जून २०२१"ला जाऊन चिकटतं.

३. टेबल आणि टेक्स्ट बॉक्स टाळा. आपल्याकडे दहावी, बारावी, पदवीचं टेबल करायची पद्धतच आहे. ते साध्या ओळीत लिहा: पदवी, शाखा, कॉलेज, विद्यापीठ, वर्ष, गुण.

४. फोन आणि ईमेल हेडरमध्ये टाकू नका. काही सॉफ्टवेअर हेडर-फूटर सोडून देतात. नाव पहिल्या ओळीत, संपर्क दुसऱ्या ओळीत, मुख्य पानावरच.

५. कौशल्यापुढे चांदण्या किंवा पट्ट्या नकोत. पाचपैकी चार चांदण्या मशीनला कळत नाहीत आणि माणसालाही त्यातून काही कळत नाही. फोन-पत्राची चिन्हंही नकोत, साधे शब्द लिहा.

६. मथळे रुळलेले ठेवा. एज्युकेशन, एक्स्पीरियन्स, स्किल्स, प्रोजेक्ट्स. "माझा प्रवास" छापाचे कल्पक मथळे मशीनला ओळखता येत नाहीत.

७. तारखा एकाच पद्धतीने. महिना आणि वर्ष, सगळीकडे सारखं. एका ठिकाणी "२०२१ ते आजपर्यंत" आणि दुसरीकडे "०६/१९" असं नको.

८. जुनी बायोडेटाची सवय सोडा. वडिलांचं नाव, जात, वैवाहिक स्थिती, खाली "मी जाहीर करतो की" आणि सही, हे कंपनीने मागितलं नसेल तर काढा. जागा वाचते, खाजगी माहितीही उगाच फिरत नाही.

आपल्याकडच्या खास अडचणी

हे इंटरनेटवरच्या परदेशी नमुन्यांत सापडत नाही, म्हणून नीट वाचा.

नावाचा क्रम. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं. मुलं तोच क्रम रेझ्युमेत उतरवतात आणि सॉफ्टवेअर आडनावालाच पहिलं नाव समजतं. रेझ्युमेत नाव आधी, आडनाव शेवटी. स्पेलिंग मात्र कागदपत्रांवर आहे तेच.

शाखेचं नाव. पुण्यात सगळे "ई अँड टीसी" म्हणतात. बाहेरच्या कंपनीचा माणूस "ईसीई" किंवा "इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशन" शोधतो. पदवीवर असलेलं पूर्ण नाव, "इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन इंजिनीअरिंग", लिहा आणि पुढे एकदा संक्षेप द्या.

विद्यापीठ. पुणे विद्यापीठाचं नाव २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं. पूर्ण नाव एकदा, संक्षेप एकदा. दोन्ही शोधात येतं.

गुण. नुसतं "८.१" नको, "१० पैकी ८.१" असं कळलं पाहिजे. फॉर्मने टक्केवारी मागितली तर विद्यापीठाने किंवा कॉलेजने दिलेलं सूत्र वापरा. मनाने दहाने गुणू नका, कागदपत्र तपासणीत ते उघडं पडतं.

पत्ता. घर नंबर, चाळ, जवळची खूण याची गरज नाही. "बिबवेवाडी, पुणे" पुरे. शोध शहराच्या नावाने होतो, म्हणून "पुणे" हा शब्द हवाच.

शब्द कुठून आणायचे?

गिऱ्हाइकाला आधीच सांगा, "ज्या नोकरीसाठी अर्ज करायचा आहे तिची जाहिरात घेऊन या." त्या जाहिरातीत जे शब्द आहेत, त्यातले गिऱ्हाइकाने खरोखर केलेल्या कामाचे शब्द रेझ्युमेत आले पाहिजेत.

इंजिनीअरिंगमध्ये नावं बदलत राहतात, हेही ध्यानात ठेवा. जुन्या रेझ्युमेत "प्रो-ई" असतं, जाहिरातीत "क्रिओ". सॉफ्टवेअरची वंशावळ तीच, नाव नवं. "युनिग्राफिक्स"चं "एनएक्स" झालं. गुणवत्तेच्या कामात "टीएस १६९४९" लिहिलेलं सापडतं, पण २०१६ पासून त्या जागी आयएटीएफ १६९४९ आलं. शॉप फ्लोअरवरच्या माणसाला हे माहीत असतं, रेझ्युमेत बदलायचं राहून जातं. तुम्ही विचारा.

एक उदाहरण बघू. प्रत्यक्षात रेझ्युमे इंग्रजीत असेल, इथे वाचायला सोपं म्हणून देवनागरीत लिहितोय. समजा, डिप्लोमा मेकॅनिकल झालेला मुलगा चाकणच्या एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीला आहे. त्याची जुनी ओळ:

*"क्वालिटी विभागातील सर्व कामांची जबाबदारी पाहिली."*

यातून ना मशीनला काही मिळतं, ना माणसाला. आता त्याला चार प्रश्न विचारा. कोणता पार्ट? काय वापरून तपासायचास? कोणते कागद भरायचास? गिऱ्हाईक कंपनीची तक्रार आली की काय करायचास? उत्तरांतून नवीन ओळी तयार होतात:

*"सीएनसी टर्न केलेल्या पार्ट्सची इनकमिंग आणि फायनल तपासणी, व्हर्नियर, मायक्रोमीटर, बोअर गेज."*
*"नवीन पार्टसाठी पीपीएपीची कागदपत्रं तयार करण्यात सहभाग."*
*"ग्राहकाच्या तक्रारींवर ८डी रिपोर्ट आणि दुरुस्तीचा पाठपुरावा."*

काम तेच, माणूस तोच. फक्त त्याने जे केलं ते आता सापडण्यासारखं लिहिलंय. हे चार प्रश्न विचारणं हीच तुमची खरी सेवा आहे. टायपिंग कुणीही करेल.

लक्ष्मणरेषा

पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत जाहिरातीचे सगळे शब्द लपवायची युक्ती काही जण शिकवतात. करू नका. मजकूर बाहेर काढला की ती अक्षरं एचआरला सरळ दिसतात आणि मुलाची पत जाते. तसंच, न येणारं सॉफ्टवेअर टाकू नका, इयर डाऊनचं वर्ष गायब करू नका, अनुभवाचे महिने वाढवू नका. रेझ्युमे तुम्ही बनवला तरी मुलाखतीच्या खुर्चीत तो एकटाच बसणार आहे. नोकरी लागल्यावर पडताळणीत खोटं सापडलं तर त्याची नोकरी जाते आणि तुमचं नाव पूर्ण गल्लीत होतं.

गिऱ्हाइकासमोर करायची परीक्षा

पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करा, कॉपी करा, नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मग बघा:

- मजकूर आला का? काहीच सिलेक्ट होत नसेल तर ते चित्र आहे.
- नाव आणि फोन पहिल्या दोन ओळींत आहेत का?
- प्रत्येक कंपनीखाली तिचीच तारीख आणि तिचंच काम आहे का?
- चौकोन, प्रश्नचिन्हं, तुटलेले शब्द कुठे आहेत का?
- जाहिरातीतले महत्त्वाचे शब्द शोधून सापडतात का?

प्रत्येक सॉफ्टवेअर थोडं वेगळं वाचतं, त्यामुळे इथे पास म्हणजे सगळीकडे पास, अशी हमी देऊ नका. पण जे नोटपॅडमध्येच विस्कटतं, ते पुढेही विस्कटण्याचीच शक्यता जास्त. दुसरी परीक्षा म्हणजे गिऱ्हाइकाला स्वतःच्या खात्यातून एखाद्या कंपनीच्या साइटवर रेझ्युमे अपलोड करायला सांगा. फॉर्म आपोआप भरला जात असेल तर कोणता खण चुकला ते लगेच दिसतं.

आणि शेवटी फाइल मोबाइलवर उघडून बघा. भोसरीच्या छोट्या युनिटमध्ये एटीएस वगैरे काही नसतं, मालक व्हॉट्सॲपवरच रेझ्युमे वाचतो. तिथे माणसाला पटकन वाचता आलं पाहिजे.

जुना रेझ्युमे आधी असा नोटपॅडमध्ये टाकून दाखवा. तुमची जाहिरात तीच. समोर विस्कटलेलं पान दिसलं की जास्त बोलावं लागत नाही.

भाव कसा ठरवायचा?

पानावर भाव लावू नका. चांगला रेझ्युमे तीन पानांचा एक होतो, म्हणजे काम वाढलं आणि पैसे घटले! वेळेवर लावा. समजा बोलायला २० मिनिटं, लिहायला ४०, परीक्षा आणि दुरुस्तीला १५. झाली ७५ मिनिटं. तुम्हाला तासाला २४० रुपये सुटायला हवे असतील तर ३०० रुपये होतात. वीज, कागद, भाडं यांचा वाटा वर धरा. एक दुरुस्ती फुकट, पुढच्या नोकरीसाठी बदल करायचा तर वेगळे पैसे, हे आधीच पावतीवर लिहा.

"नोकरीची गॅरंटी" हे शब्द बोर्डावर कधीही नकोत. बोर्डावर लिहा: "मशीनला आणि माणसाला वाचता येणारा रेझ्युमे. तपासून मिळेल."

काम झालं की फाइल गिऱ्हाइकाला मेल करा आणि त्याला विचारूनच आपल्याकडे ठेवा. त्यात त्याचा फोन, ईमेल, पगार असतो. दुकानातल्या सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर डेस्कटॉपवर ती पडून राहता कामा नये.

या आठवड्याचा गृहपाठ

ओळखीतल्या तीन इंजिनीअरांचे रेझ्युमे मागून घ्या. नोटपॅड परीक्षा करा आणि काय काय बिघडलं ते वहीत लिहा. त्यातला एक फुकटात नीट करून द्या, घड्याळ लावून. तुमची मिनिटं किती लागली ते कळलं की तुमचा भाव तुम्हीच ठरवाल. बोर्ड त्यानंतर रंगवा.