बाळंतपणातली सोबतीण : डूला



आरोग्य शिकवताना आपण आहार, लसीकरण यांवर बोलतो. पण कळा सुरू झाल्यावर बाईजवळ कोण थांबणार, हा प्रश्न राहूनच जातो.

डूला म्हणजे कोण?
हा मूळ ग्रीक शब्द. अर्थ, सेवा करणारी स्त्री. सुईण बाळंतपण करते, डूला ते करत नाही. ती तपासणी करत नाही, औषध देत नाही. कंबर चोळणं, पाणी पाजणं, धीर देणं, डॉक्टरांचं म्हणणं बाईच्या बोलीत सांगणं आणि मुख्य म्हणजे तिला सोडून न जाणं, हे तिचं काम.

याने फरक पडतो का?
हो. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात १५ हजारांहून जास्त स्त्रियांची माहिती तपासली गेली. अखंड सोबत मिळालेल्यांमध्ये नैसर्गिक प्रसूती जास्त आणि सिझेरियन कमी दिसले.

आपल्या खेड्यांत काय?
पाड्यावरून दवाखाना लांब, नवरा मजुरीला, आणि गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्या बाईला तिथली भाषाही परकी. आशाताई दवाखान्यात नेते, बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत घरी भेटी देते. पण साधारण हजार वस्तीमागे एकच आशाताई. प्रत्येकीजवळ रात्रभर ती कशी बसणार?

म्हणून २०१६ चा निर्णय महत्त्वाचा. केंद्र सरकारने सरकारी दवाखान्यात प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला मान्यता दिली. ती स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, शेवटपर्यंत थांबायची तयारी असावी आणि तिने डॉक्टर-नर्सच्या कामात लुडबुड करू नये. पण घरच्यांना हे माहीतच नसेल, तर बाई आत एकटी आणि माणसं बाहेर!

आपण काय करू शकतो?
१. पालकसभेत पाच मिनिटं हा विषय घ्या.
२. घरात कोणी गरोदर असेल तर आठव्या महिन्यातच सोबतीण ठरवा. निवड त्या बाईची, सासूची नव्हे. एक बदली नावही ठेवा.
३. सोबतिणीला एकदा तपासणीला बरोबर न्या. दवाखाना, नर्स ओळखीच्या होतील. तिथली पद्धतही तेव्हाच विचारा.
४. तिला बजावून सांगा, भीतीच्या गोष्टी सांगायच्या नाहीत. रक्तस्राव, झटके किंवा काही वेगळं दिसलं तर लगेच नर्सला हाक मारायची.
५. मोठ्या मुलामुलींना विचारा, 'आजारी असताना जवळ कोण असलं की बरं वाटतं?' तिथून धडा आपोआप पुढे जातो.

डूला हा शब्द मुलं विसरली तरी चालेल. बाळंतीण एकटी राहता कामा नये, एवढं त्यांच्या लक्षात राहिलं पाहिजे.