हटवादी गिऱ्हाईक आणि घरचे दुकान

घरच्याच माणसांनी चालविलेल्या लहानशा कापडदुकानात गिऱ्हाइकाचा हट्ट मालापुरता राहत नाही. ताग्यातून फाडून दिलेले कापड परत घेण्यास मुलाने नकार दिला, की गिऱ्हाईक वडिलांकडे वळते. वडील जुन्या ओळखीखातर ते घेतात, आणि त्या दिवसापासून गल्ल्यावरील मुलाच्या शब्दाला किंमत उरत नाही. म्हणून परतीचा नियम आधी घरात ठरावा व पावतीवर छापावा.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल पावतीवरील मुदतीत, मुदत नमूद नसल्यास ३० दिवसांत, परत घेण्याचे नाकारणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही सर्वपरिचित पाटी तेथे निरुपयोगी होय. केवळ रंग नंतर आवडेनासा झाला, एवढ्याने मात्र या तरतुदीखाली हक्क उत्पन्न होत नाही. तेव्हा आवाज चढविणाऱ्याच्या हातातील कापड प्रथम उजेडात उलगडून पाहावे. विणीत दोष आढळला, तर तो मनुष्य उद्धट असेल, पण त्याची मागणी अवाजवी नव्हे. दोष नसल्यास नकार एकदाच, शांतपणे द्यावा. वडिलांनीही तो मोडू नये. ज्याच्याकडे उधारी थकली आहे अशा गिऱ्हाइकापुढे हे फार जड जाते, कारण ते रागावून गेले तर थकलेली रक्कमही बहुधा त्याच्याबरोबरच जाते.